चेहऱ्यापासून आठ फूट

कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या सोप्यात, दाराच्या वर, दोरीने पुढे झुकवून टांगलेली एखादी फ्रेम हमखास असते. आत फेटा बांधलेले आजोबा, शेजारी तिपाईवर फुलदाणी, मागे पडद्यावर रंगवलेला जिना. माझे थोरले चुलते, ज्यांना सगळे तात्या म्हणत, असे फोटो काढून पोट भरत. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात त्यांचा स्टुडिओ होता. ते गेल्यावर स्टुडिओची जागा गेली, पडदे गेले, एन्लार्जर भंगारात गेला. माझ्याकडे आला तो सागवानी हाफ प्लेट कॅमेरा, त्याचे पितळी भिंग आणि काचेच्या प्लेटांच्या दोन पेट्या.

मी चित्रकलेचा शिक्षक. फोटोग्राफी तात्यांच्या काळ्या कापडाखाली डोके घालून शिकलो तेवढीच. निवृत्तीनंतर त्या पेट्या उघडल्या आणि एक गोष्ट खटकली. दिवाणजी असोत, व्यापारी असोत की नवरा-नवरी असोत, पूर्ण उभ्या फोटोंत चेहऱ्यांचे प्रमाण अगदी बरोबर असे. पण छातीपर्यंतच्या म्हणजे बस्ट फोटोंच्या काही प्लेटा अशा निघाल्या, की त्यांतले डोके जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचे. बाकी सगळी काच रिकामी. तात्यांसारखा काटकसरी माणूस एवढी काच वाया का घालवील, हे कोडे मला काही केल्या सुटेना. ते सुटले ते एका वस्तादांमुळे.

आमच्या पेठेतल्या तालमीत एक वस्ताद आहेत. वय ऐंशीच्या पुढे. तालमीच्या भिंतीवर आधीच्या वस्तादांचे फोटो आहेत, तिथे यांचाही लावायचा असे पोरांनी ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. त्याआधी नातवाने मोबाइलवर एक फोटो काढून, मोठा करून आणला होता. वस्तादांनी तो पाहिला आणि उलटा ठेवला. म्हणाले, "मास्तर, ह्यो मी न्हवं. ह्याला कानच न्हाईत."

पैलवानाचे कान म्हणजे त्याची सनद. मातीत घासून, रेटारेटीत चुरगळून कानाची पाळी गाठीसारखी घट्ट होते आणि आयुष्यभर तशीच राहते. मोबाइलच्या फोटोत नाक मोठे झाले होते, गाल पुढे आले होते आणि कान त्यांच्या आड गेले होते. वस्तादांची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती.

याचे गणित साधे आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत माणसाच्या डोक्याची खोली सुमारे बारा सेंटिमीटर धरू. कॅमेरा कानापासून साठ सेंटिमीटरवर असेल, तर नाकापासून तो अठ्ठेचाळीसवरच असतो; म्हणजे नाक कानाच्या मानाने शेकडा २५ टक्के मोठे उमटणार. चार फुटांवर हा फरक ११ टक्क्यांवर येतो, आठ फुटांवर ५ टक्क्यांवर. आपण माणसाशी बोलताना, त्याला ओळखताना, साधारण पाच ते दहा फुटांवरून बघतो. मनात ठसलेला चेहरा तिथून दिसलेला असतो. आणि या हिशोबात भिंग कुठेच येत नाही, फक्त अंतर येते. लांब भिंगाने चेहरा 'चपटा' होतो आणि आखूड भिंगाने 'फुगतो' असे आपण म्हणतो खरे, पण चेहरा बदलतो तो आपण कुठे उभे राहतो त्यावर. भिंग एवढेच ठरवते, की त्या जागेवरून तो काचेवर केवढा उमटेल.

हे एकदा पटले की तात्यांचे कोडे सुटते. त्यांचे भिंग आठ इंची, म्हणजे त्याचे नाभीय अंतर आठ इंच. हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंचांची. तिचा कर्णही आठच इंच. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो साडेपाच इंचांत बसवायचा तर या भिंगाला सुमारे पावणेनऊ फुटांवर उभे राहावे लागते. तिथून चेहरा नीटच येणार. पण तेच भिंग घेऊन बस्ट काढायचा, डोके साडेचार सेंटिमीटर उंच हवे असे म्हटले, तर चार फुटांवर जावे लागते आणि नाक पुढे येते. तात्या जवळ गेलेच नाहीत. आठ फुटांवरून काढले, डोके दोन सेंटिमीटरचे येऊ दिले आणि मग एन्लार्जरवर मोठे केले. काच वाया गेली, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचला.

मग मोठ्या कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांनी लांब भिंगांचा एवढा हव्यास का धरला? याचे उत्तर एन्लार्जर नसलेल्या काळात आहे.

१८४०मध्ये योसेफ पेट्सवाल या गणितज्ञाने व्हिएन्नात व्यक्तिचित्रांसाठी खास भिंग रचले आणि फोइग्टलेंडर यांनी ते बाजारात आणले. आधीच्या भिंगांपेक्षा ते सुमारे वीसपट उजेड आत घेई. त्यापूर्वी माणसाला मिनिटेच्या मिनिटे दगडासारखे बसावे लागे. या भिंगाची खोड अशी, की मधला भाग लख्ख आणि कडेला प्रतिमा विरघळत जाई. कडा टाळायच्या तर प्लेटच्या मानाने लांब नाभीय अंतराचे भिंग वापरावे लागे. म्हणजे लांब भिंगाची सवय आधी भिंगाच्या दोषामुळे लागली. चेहरा सुधारतो हे लोकांच्या ध्यानात आले ते ओघाने.

आपल्याकडे ही विद्या पोचायला उशीर लागला नाही. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या पिढीतले. एल्फिन्स्टन संस्थेतल्या फोटोग्राफीच्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. पुढे पाऊणशे वर्षे तरी फोटो म्हणजे प्लेटएवढाच कागद, प्लेटवर दाबून छापलेला, असा व्यवहार राहिला. चेहरा छापात केवढा हवा, तेवढाच तो काचेवर उमटवणे भाग होते. शिवाय रिटचिंग होते. प्लेट तिरकी ठेवून, मागून उजेड घेऊन, टोकदार शिसपेन्सिलीने देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची वर्तुळे पुसली जात. दोन सेंटिमीटरच्या डोक्यावर ती पेन्सिल चालवणार कुठे? साडेचार सेंटिमीटरवर चालते. म्हणून लांब भिंग.

पण लांब भिंगाला लांब भाता लागतो. हा भाता म्हणजे कॅमेऱ्याचा तो चुण्यांचा चामडी किंवा कापडी बोगदा. छत्तीस सेंटिमीटरचे भिंग दूरचा डोंगर टिपताना प्लेटपासून छत्तीस सेंटिमीटरवर ठेवावे लागते. माणूस जवळ आला की ते आणखी पुढे जाते. चेहरा एक-पंचमांश आकाराचा हवा असेल तर छत्तिसाचा पाचवा भाग अधिक, म्हणजे त्रेचाळीस सेंटिमीटर, सतरा इंच. तात्यांच्या कॅमेऱ्याचा भाता पूर्ण ताणला तर चौदा इंच. मी लांब भिंग घ्यायला निघालो, तो इथे अडलो.

या अडचणीवरचा तोडगा १८९१चा. लंडनच्या टॉमस रुडॉल्फस डॉलमायर यांनी त्या वर्षी दूरभिंगाचे, म्हणजे टेलिफोटो लेन्सचे पेटंट घेतले. जर्मनीत मीथे आणि श्टाइनहाइल हेही त्याच सुमारास तिथेच पोचले होते. कल्पना गॅलिलिओच्या दुर्बिणीइतकी जुनी. पुढे बहिर्वक्र भिंग, मागे काही अंतरावर अंतर्वक्र भिंग. मागचे भिंग किरणांचा झोत थोडा पसरवते, त्यामुळे प्रतिमा मोठी पडते. पण भिंगापासून प्लेटपर्यंतचे प्रत्यक्ष अंतर मात्र नाभीय अंतरापेक्षा बरेच कमी राहते. लांब भिंगाचे काम आखूड भात्यात होते. 'टेली' या शब्दाने दूरचे किल्ले आणि झाडावरचे पक्षी डोळ्यांपुढे येतात, पण मोठ्या कॅमेऱ्यावर त्याचा खरा उपयोग भाता वाचवण्याचा.

डॉलमायर यांनी लवकरच बर्गहाइम या चित्रकारासाठी व्यक्तिचित्रांचे खास दूरभिंग तयार केले. त्यात पुढे एक साधे भिंग, मागे एक साधे भिंग. दोष मुद्दाम न सुधारलेले, त्यामुळे प्रतिमा मऊ. या प्रकारच्या व्यक्तिचित्रांसाठी आग्रह धरणारा माणूस चित्रकार निघावा याचे मला नवल वाटत नाही. मॉडेलपासून चार पावले मागे सरकून बघणे ही चित्रकाराची रोजची सवय. वर्गात मुलांना मी तीस वर्षे हेच सांगत आलो: कागदाला नाक लावू नका, मागे सरा.

कोल्हापुराला हे शहाणपण नवे नव्हते. इथल्या चित्रकारांत अंतराची जाण रंगभूमीमुळे आली. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू, ज्यांना पुढे 'पेंटर' हेच आडनाव चिकटले, १९१०च्या सुमारास संगीत नाटकांचे पडदे रंगवत होते. सपाट कापडावर रंगवलेला राजवाडा प्रेक्षकाला खोल वाटला पाहिजे आणि तो कुठून खोल वाटेल, हे रंगवणाऱ्याला आधी ठरवावे लागते. पडद्याजवळ गेलात तर नुसते फटकारे. 'राजा हरिश्चंद्र' पाहिल्यावर दोघांना सिनेमाने झपाटले. स्वतःचा कॅमेरा करायचाच हा ध्यास. आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८मध्ये कॅमेरा चालता केला. तानीबाई कागलकरांच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला.

या कॅमेऱ्याची गोष्ट कोल्हापुरात अभिमानाने सांगतात, मीही सांगतो. पण ती सांगताना एक बारकावा निसटतो. पेटी, चाके, दांडे, पट्ट्या इथल्या हातांना घडवता येत होत्या. भिंगाची काच तेव्हा हिंदुस्थानात होत नव्हती. ती बाहेरूनच यायची. त्यामुळे इथल्या फोटोग्राफरची सगळी हुशारी भिंग नवे आणण्यापेक्षा, आहे त्या भिंगातून हवे ते काढण्यात गेली. तात्यांची रिकाम्या काचेची युक्ती त्याच जातीची. माझ्या मते ती दूरभिंगापेक्षा कमी प्रतीची नव्हे. आठ फुटांवरून टिपून मोठा केलेला चेहरा आणि आठ फुटांवरून दूरभिंगाने थेट मोठा टिपलेला चेहरा, यांत नाक-कानाचे प्रमाण एकच असते.

तरी मी दूरभिंग घेतले. कारण सांगतो. एन्लार्जर आता नाही आणि मला प्लेटएवढाच छाप हवा होता, तालमीतल्या जुन्या फोटोंसारखा, निगेटिव्हवर दाबून काढलेला.

घेण्याआधी खोली मोजली. हा क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक उलट करतात. माझी वरची खोली चौदा फूट लांब, खिडकी उत्तरेला. बसणाऱ्याच्या पाठीमागे पडद्यापर्यंत दोन फूट तरी हवेत, नाहीतर सावली पडद्यावर पडते. कॅमेऱ्यामागे काळे कापड घेऊन उभा राहणारा मी, मला चार फूट. उरले आठ. आठ फुटांत साडेचार सेंटिमीटरचे डोके हवे, तर नाभीय अंतर छत्तीस-चाळीस सेंटिमीटर. चाळिसाच्या वर गेलो तर भिंतीला पाठ लागते. म्हणून ३६० मिलिमीटर. जुने, जर्मन बनावटीचे, एका माणसाकडून हातोहात घेतले. मोजून पाहिले, तर दूरच्या वस्तूसाठी भिंगाची पाटी प्लेटपासून बावीस सेंटिमीटरवर येत होती. त्यात जवळच्या फोकससाठी सव्वासात मिळवले, तरी एकोणतीस. भात्यात आरामात बसले.

पहिल्या बैठकीला वस्ताद आले. जरीचा फेटा, अंगात पांढरा सदरा. मी त्यांना खुर्चीवर बसवले, खिडकीचा उजेड डाव्या कानावरून घेतला. घासलेल्या काचेवर चेहरा उलटा, मोठा, देखणा दिसला. फिल्म म्हणून मी एक्स-रेची फिल्म हाफ प्लेटच्या मापात कापून वापरतो. ती स्वस्त पडते, लाल दिव्यात हाताळता येते आणि जुन्या प्लेटांसारखी लाल रंगाला आंधळी असते. त्यामुळे रापलेली कातडी गडद, रेघारेघांनी भरलेली येते. पैलवानाला ते शोभते.

चारही निगेटिव्ह फिके, जवळजवळ कोरे निघाले.

चूक माझी होती आणि ती समजायला दोन रात्री लागल्या. तात्यांनी शिकवलेला नियम असा: भात्याची लांबी भागिले नाभीय अंतर, त्याचा वर्ग, तितक्या पटीने उजेड जास्त द्यायचा. साध्या भिंगाला हा नियम बिनचूक. मी एकोणतीस भागिले छत्तीस केले, उत्तर एकपेक्षा कमी आले आणि चक्क उजेड कमी दिला! दूरभिंगात भाता आखूड असतो तो केवळ रचनेमुळे. तो बघून उजेड ठरवता येत नाही. एक-पंचमांश आकाराला साध्या भिंगालासुद्धा जवळजवळ दीडपट लागतो. आणि दूरभिंगाला त्याहून थोडा अधिक, कारण त्याचे छिद्र मागून पाहिले तर पुढून दिसते त्यापेक्षा लहान दिसते. माझ्या भिंगाला पावणेदोनपट धरल्यावर निगेटिव्ह भरले. याच कारणाने बसणाराही साध्या भिंगापेक्षा थोडा अधिक लांब राहतो, ही मात्र फायद्याची बाजू.

दुसरी खोड अशी, की भिंगाची पाटी जराशी कलवली की प्रतिमा काचेवरून पळते. साधे भिंग आपल्या जागीच कलते. दूरभिंगाचा हिशोबी मध्य भिंगाच्या पुढे हवेत कुठेतरी असतो, त्यामुळे केसभर कलवले आणि वस्ताद फेट्यासकट काचेबाहेर गेले. शेवटी पाटी सरळ ठेवली, जे काय करायचे ते मागच्या बाजूने केले. वजनाचाही त्रास आहेच. तात्यांच्या नाजूक पितळी पट्ट्यांना एवढे ओझे कधी माहीत नव्हते. पुढच्या पाटीखाली मी लाकडाची एक चकती घालून टेकू दिला. कोणी मला विचारले की मोठ्या कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्रांसाठी दूरभिंग घ्यावे का, तर मी आधी भाता मोजायला सांगीन. भाता सतरा इंच जात असेल तर साधे लांब भिंग घ्या. ते हलके, सोपे आणि नियमाने वागणारे. भाता आखूड असेल तरच दूरभिंगाच्या वाटेला जा.

राहिला कानाचा प्रश्न. भिंग पूर्ण उघडे ठेवले तर जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. डोळे लख्ख, कान धुकट. आजकाल ही तऱ्हा लोकांना आवडते. वस्तादांच्या बाबतीत ती फसवणूक ठरली असती. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे बारा सेंटिमीटर स्पष्ट हवेत तर छिद्र एफ सोळावर न्यावे लागते. आणि तिथे लांब भिंग घ्या नाहीतर आखूड, डोके काचेवर तेवढेच मोठे असेल तर फरक पडत नाही. एफ सोळाला माझ्या खिडकीच्या उजेडात दोन सेकंद लागत होते.

पुढच्या खेपेला मी त्यांना म्हटले, "वस्ताद, दोन सेकंद हलायचं नाही." ते हसले. "दोन? आमाला पाटीवर गुडघा ठिवून दोन-दोन मिंटं धरून ठिवलंय लोकांनी."

बसले, आणि खरोखर दगडासारखे बसले. खासबागच्या मैदानात, जे शाहू महाराजांनी १९१२मध्ये उभे केले, यांची कुस्ती मी लहानपणी तात्यांच्या खांद्यावर बसून पाहिली होती. तेव्हा ते इतके लांब होते की चेहरा दिसलाच नव्हता, नुसती मातीने माखलेली पाठ आठवते. आता ते आठ फुटांवर होते. मी केबलचा खटका दाबला, मनात एक-दोन मोजले, सोडला.

निगेटिव्ह सुकल्यावर कागदावर दाबून छाप काढला आणि ओलाच तालमीत नेला. वस्तादांनी तो उजेडाकडे धरला. चष्मा काढला, परत लावला. मग डाव्या हाताने स्वतःचा कान चाचपला, उजव्या हाताचे बोट छापातल्या कानावर ठेवले. पोरे बाजूला उभी होती.

"दोनी हाईत," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि एक काढा. ल्येकीला द्यायचा हाय."